अकाबाच्या आखातातले प्रवाळ उष्णतेला पुरून उरतात, मग त्यांना वाचवायचे कशापासून?

सिंधुदुर्गातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने विचारले आहे, की तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाचे, म्हणजे अकाबाच्या आखातातले, प्रवाळ पाणी कितीही तापले तरी मरत नाहीत असे तिच्या वाचनात आले. तसे असेल तर त्यांच्या संरक्षणासाठी एवढी धडपड कशाला करायची, आणि त्या प्रवाळांचे तुकडे आणून मालवणच्या समुद्रात का लावू नयेत? प्रश्नाचे दोन्ही भाग एकाच गैरसमजावर उभे आहेत. उष्णतेपुरते काटक असणे आणि सर्व बाजूंनी काटक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अकाबाच्या प्रवाळांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा फरक जितका स्पष्ट दाखवतो तितका दुसऱ्या कोणत्याही प्रवाळभित्तीचा क्वचितच दाखवत असेल. प्रवाळांचे सर्वेक्षण हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे हे संशोधन मी सातत्याने वाचत आलो आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

प्रवाळाचा प्रत्येक पॉलिप हा लहानसा प्राणी असतो आणि त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. पाण्याचे तापमान त्या जागेच्या नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनची घातक रूपे तयार होऊ लागतात आणि प्रवाळ शैवालाला गमावून बसतो. मग पारदर्शक झालेल्या कातडीखालून चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मेलेला नसतो, तो उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर सावरतो, नाही तर मरतो. लक्षद्वीपने हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये सोसले आहे. विरंजनाची मर्यादा जगभर एकच नसते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. प्रवाळ सहसा आपापल्या जागेच्या उन्हाळ्याशी जुळवून घेतलेले असतात आणि त्या उन्हाळ्याच्या अगदी काठावर जगत असतात, म्हणून एखाद-दुसरा अंशही त्यांना पुरेसा होतो. अकाबाचे प्रवाळ मात्र आपल्या उन्हाळ्याच्या काठापासून बरेच आत राहतात.

हे आखात सुमारे १८० किलोमीटर लांब, फार तर पंचवीस-एक किलोमीटर रुंद आणि काही ठिकाणी १,८०० मीटरहून अधिक खोल आहे. इजिप्त, इस्रायल, जॉर्डन आणि सौदी अरेबिया या चार देशांचा किनारा त्याला लागतो. उत्तर टोकाला उन्हाळ्यात पाणी साधारण २७ अंश सेल्सिअसपर्यंत तापत आले आहे. २०१३ मध्ये माओझ फाइन, हेझी गिल्डोर आणि अमात्झिया जेनिन या शास्त्रज्ञांनी या प्रवाळांच्या सहनशीलतेचे जे स्पष्टीकरण मांडले, ते मला या विषयातील सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी, बाब-अल-मंडेबजवळ, तळ उथळ असल्यामुळे तो समुद्र हिंदी महासागरापासून जवळजवळ तुटला आणि त्याचा खारटपणा प्रवाळांना जगणे अशक्य व्हावे इतका वाढला. पातळी पुन्हा चढल्यावर प्रवाळांचे डिंभक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारी पिल्ले, एडनच्या आखातातून आत आले आणि पिढ्यानपिढ्या उत्तरेकडे सरकत गेले. पण वाटेत दक्षिण तांबडा समुद्र होता, आणि त्याचे पाणी उन्हाळ्यात ३१ ते ३२ अंशांवर जाते. त्या चाळणीतून जे वंश पार झाले तेच उत्तरेला पोहोचले, आणि उत्तरेला पोहोचल्यावर त्यांना तुलनेने गार पाणी मिळाले. बत्तीस अंशांची तयारी असलेला प्रवाळ सत्तावीस अंशांच्या पाण्यात राहतो, म्हणून त्याच्याजवळ सुमारे पाच अंशांची शिल्लक आहे. तांबड्या समुद्राच्या मध्य भागात २०१० आणि २०१५ मध्ये विरंजन झाले. १९९८ पासून २०१६ पर्यंतच्या जागतिक लाटांमध्ये अकाबाच्या उत्तर टोकाला मात्र सामूहिक विरंजन नोंदले गेले नाही.

ही शिल्लक मोजतात कशी, हे विद्यार्थिनीला उपयोगी पडेल म्हणून जरा विस्ताराने सांगतो. आखाताच्या उत्तर टोकाला वसलेल्या एइलात या इस्रायली शहरातील आंतरविद्यापीठीय सागरी विज्ञान संस्थेत समुद्राच्या वाहत्या पाण्यावर चालणाऱ्या टाक्यांची एक प्रणाली आहे. तिच्यात प्रत्येक टाकीचे तापमान आणि आम्लता स्वतंत्रपणे ठरवता येते, आणि बाहेरच्या समुद्राचे रोजचे चढउतार त्यात कायम ठेवता येतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्टायलोफोरा पिस्टिलाटा या तेथील सर्वपरिचित फांदीदार जातीच्या तुकड्यांना सुमारे दीड महिना नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एक ते दोन अंश जास्त तापमानात आणि वाढीव आम्लतेत ठेवले गेले. जगात इतरत्र एवढ्यावर प्रवाळ पांढरे पडतात. येथे प्रकाशसंश्लेषणाची कामगिरी उलट सुधारली. २०२१ मध्ये जनुकांच्या पातळीवर केलेल्या अभ्यासात त्याच जातीला काही तास २९.५, ३२ आणि ३४.५ अंशांचे चटके देण्यात आले. बत्तीस अंशांना जनुकांनी जोरदार प्रतिसाद दिला आणि नंतर ती लवकर पूर्वस्थितीवर आली, पण ३४.५ अंशांवर प्रवाळ मेले. म्हणजे 'कितीही तापले तरी' हे शब्द खरे नाहीत. मर्यादा आहे, ती फक्त दूर आहे. या आखाताचे पाणी दर दशकाला ०.४ ते ०.५ अंशांनी तापत असल्याचे २०१३ च्या शोधनिबंधातच नोंदवले होते. त्या हिशेबाने पाच अंशांची शिल्लक साधारण शतकभरात संपते, आणि उष्णतेच्या लाटा सरासरीची वाट पाहत नसल्यामुळे ती त्याआधीही संपू शकते.

कमी वेळात चटके देऊन तपासण्याची पद्धत आता अनेक देशांत रूढ झाली आहे. एकाच वसाहतीचे, म्हणजे अनेक पॉलिप मिळून झालेल्या एका प्रवाळाचे, चार तुकडे चार टाक्यांत ठेवतात, तीन तासांत तापमान वेगवेगळ्या पातळ्यांना नेतात, तीन तास तेथेच ठेवतात, तासाभरात खाली आणतात आणि रात्रभर विसावा देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता प्रकाशाच्या स्पंदाने मोजतात. सारे अठरा तासांत आटोपते. ज्या तापमानाला क्षमता निम्म्यावर येते, ते त्या वसाहतीच्या सहनशीलतेचे परिमाण. अशा झटपट चाचणीचा निकाल दीर्घकाळ तापवून केलेल्या प्रयोगाशी जुळतो का, ही शंका रास्त आहे. एइलातच्या स्टायलोफोरावर दोन्ही रीतींनी काम झाले आणि दोन्हींत तिची सहनशीलता सारखीच उंच आढळली.

आता प्रश्नाच्या मुख्य भागाकडे येतो.

एइलातला प्रवाळशास्त्रज्ञ योसी लोया यांनी प्रवाळ मोजण्याची जी रीत बसवली तीच आज आम्ही कोकणात वापरतो. भित्तीवर ठरावीक लांबीची दोरी किंवा टेप किनाऱ्याला समांतर अंथरायची आणि तिच्याखाली येणारी प्रत्येक वसाहत, तिची जात आणि लांबी नोंदवायची, अशी ती रीत. लोयांनी अशी मोजणी करून ठेवलेली असतानाच, सप्टेंबर १९७० मध्ये, एइलातला समुद्र ऐन दुपारी विलक्षण खाली गेला आणि उथळ भागातले बहुसंख्य प्रवाळ उघडे पडून मेले. हानी दोन ठिकाणी जवळजवळ सारखी होती. एक जागा प्रवाळांसाठी राखीव ठेवलेला किनारा होता, पण त्याच्या शेजारी तेलाचे धक्के होते. दुसरी जागा दक्षिणेला काही किलोमीटरवर होती आणि तेथे तेल पोहोचत नव्हते. तीन वर्षांनी पुन्हा दोरी अंथरली तेव्हा दुसऱ्या जागेवर नवे प्रवाळ आलेले होते, आणि राखीव किनारा मात्र जवळपास तसाच ओसाड होता. पुढे लोया आणि बारुख रिंकेविच यांनी दाखवले, की तेलाच्या संपर्कात आलेली स्टायलोफोरा आपले डिंभक अकाली बाहेर टाकते. ज्या जातीवर उष्णतेचा परिणाम होत नाही म्हणून आपण तिचे कौतुक करतो, तिचाच गर्भपात तेलाच्या थोड्याशा थराने होतो, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

दुसरी घटना याहून अनपेक्षित आहे. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, वातावरणात गेलेल्या गंधकाच्या कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि १९९२ चा हिवाळा या भागात कडक झाला. अकाबाच्या आखातात हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन खाली बसते आणि खालचे पोषकद्रव्ययुक्त पाणी वर येते; त्या वर्षी ही घुसळण साडेआठशे मीटरपेक्षा खोल गेली. नायट्रेट वर आले, वसंतात शैवालाची जाडजूड चटई वाढली आणि तिने प्रवाळ गुदमरवले. जेनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. उष्णतेपासून जे सुरक्षित, ते गार हिवाळ्याने आलेल्या खतामुळे मेले. या प्रवाळांना स्वच्छ, पोषकद्रव्यांनी अतिशय गरीब पाणी लागते आणि त्यांची खरी दुखरी जागा तीच आहे.

ज्वालामुखी आपल्या हातात नाही, पण त्याच दुखऱ्या जागेवर माणूस रोज घाव घालू शकतो. एइलातच्या समुद्रात पिंजऱ्यांतील मत्स्यशेती अनेक वर्षे चालली, वर्षाला दोन हजार टनांच्या आसपास मासे निघत, आणि माशांच्या विष्ठेने व न खाल्लेल्या खाद्याने पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस पडत असे. त्याचा प्रवाळांवर नेमका किती परिणाम होतो यावर शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद होते. शेवटी शासनाने निर्णय घेतला आणि २००८ मध्ये पिंजरे उठले. माझ्या मते तो निर्णय योग्य होता, कारण अशा ठिकाणी पूर्ण खात्री होईपर्यंत थांबणे म्हणजे प्रयोग खऱ्या भित्तीवर करणे होय. समोरच्या किनाऱ्यावर अकाबा हे जॉर्डनचे एकमेव बंदर आहे आणि तेथून फॉस्फेटची मोठी निर्यात होते. भरताना उडणारी धूळ म्हणजे थेट खतच, म्हणून ती आवरणे हेही प्रवाळसंरक्षणाचेच काम ठरते.

गेल्या काही वर्षांतील दोन प्रयोग तर या उत्तराचा गाभाच आहेत. एकात स्टायलोफोराला वाढीव तापमानाबरोबर वाढीव पोषकद्रव्ये दिली, दुसऱ्यात तांबे दिले. बोटींच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून जे रंग लावतात त्यांतून तांबे पाण्यात झिरपते. दोन्ही वेळा उष्णतेला न डगमगणारा हाच प्रवाळ डगमगला. म्हणजे ही सहनशीलता कायमची मिळालेली मालमत्ता नाही, ती स्वच्छ पाण्याच्या अटीवर मिळालेली आहे. ग्रेट बॅरियर रीफवर काम करणाऱ्यांची व्यथा अशी आहे, की त्यांनी पाणी कितीही स्वच्छ ठेवले तरी तापमान त्यांच्या हातात नाही. अकाबात उलट स्थिती आहे: तेथे पुढच्या काही दशकांत प्रवाळ मेले, तर बहुतांश दोष सांडपाणी, तेल, बांधकाम, बोटी आणि दिवे यांचा असेल, आणि या सर्व गोष्टी चार सरकारांच्या हातात आहेत. 'मग धडपड कशाला' या प्रश्नाचे उत्तर हेच आहे, की येथे केलेली धडपड खरोखर फळाला येऊ शकते.

दिव्यांचा उल्लेख मुद्दाम केला. टॉम श्लेसिंगर आणि लोया यांनी चार वर्षे रात्री पाण्यात उतरून एइलातच्या प्रवाळांचे प्रजोत्पादन पाहिले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केले, की ज्या जाती पूर्वी ठरावीक चांद्रतिथींना एकाच वेळी अंडी आणि शुक्राणू सोडत, त्यांतल्या काहींचे वेळापत्रक विस्कटले आहे आणि त्या जातींची नवी पिल्ले भित्तीवर सापडत नाहीत. कारणे ठामपणे वेगळी काढता आलेली नाहीत. तापमान, प्रदूषके आणि किनाऱ्यावरचा कृत्रिम उजेड यांचा संशय आहे. वसाहती धडधाकट दिसत असताना वंश खुंटत असू शकतो, आणि केवळ दोरीखालच्या वसाहती मोजणाऱ्याला ते दिसणारही नाही. त्यातच २०२३ च्या सुरुवातीला लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन या आखातात साथीने मेले. रोगाचे कारण एक सूक्ष्म रोमक जीव (अंगावर केसांसारखे रोम असलेला एकपेशीय जीव) असल्याचे पुढे निष्पन्न झाले. हे सी-अर्चिन भित्तीवरचे शैवाल चरतात. पोषकद्रव्ये वाढलेली आणि चरणारे गेलेले, असा योग जुळला तर १९९२ चा प्रसंग ज्वालामुखीविनाही घडू शकतो.

संरक्षणाची व्यवस्था तुकड्यातुकड्यांत आहे. इजिप्तचे रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यान १९८३ चे, जॉर्डनचे अकाबा सागरी उद्यान १९९७ चे. जॉर्डनचा सारा किनाराच जेमतेम २७ किलोमीटर आहे आणि त्यात बंदर, कारखाने, हॉटेले आणि उद्यान यांना दाटीवाटीने राहावे लागते. प्रवाह आणि डिंभक सीमा पाळत नाहीत, तेल तर नाहीच नाही. १९९४ च्या शांतता करारानंतर जॉर्डन आणि इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी काही वर्षे एकत्र मोजणी केली होती. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आन्डेर्स मेइबोम यांच्या पुढाकाराने तांबड्या समुद्रासाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र उभे राहिले, त्यामागचा विचार असा, की जे देश एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत त्यांचे शास्त्रज्ञ तटस्थ देशाच्या छत्राखाली एकाच पद्धतीने मोजू शकतील. राजकीय परिस्थिती पाहता हे काम किती अवघड आहे ते सांगायला नको, पण चार किनाऱ्यांवर चार वेगळ्या पद्धतींनी केलेली मोजणी एकमेकींशी ताडून पाहता येत नाही, म्हणून मला त्याचे महत्त्व फार वाटते.

राहिला मालवणचा प्रश्न. तुकडे आणून लावणे योग्य नाही आणि ते टिकणारही नाहीत. एइलातला वर्षाला सुमारे ३० मिलिमीटर पाऊस पडतो, सिंधुदुर्गात साधारण ३,००० मिलिमीटरच्या घरात. अकाबाच्या पाण्याचा खारटपणा दर हजारी ४० च्या वर असतो. मालवणला पावसाळ्यात कर्ली नदी आणि कोळंबच्या खाडीतून गोडे, गढूळ पाणी येते, आठवडेच्या आठवडे तळाशी उजेड पोहोचत नाही आणि प्रवाळांवर गाळ बसतो. स्वच्छ, खारट, पोषकद्रव्यांनी गरीब पाण्यात घडलेला प्रवाळ येथे उष्णता सोसण्याआधीच चिखलाने मरेल. शिवाय परक्या प्रवाळाबरोबर परके जिवाणू, रोमक जीव आणि रोग येतील, आणि सी-अर्चिनच्या साथीनंतर हा धोका कोणीही हलक्यात घेऊ नये. कायदाही आड येतो: भित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मालवणचा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईत किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजीअली येथील प्रवाळ हलवले गेले, पण ते परवानगीने, मुंबईतच, त्याच प्रकारच्या पाण्यात हलवले गेले.

मालवणच्या प्रवाळांचा स्वतःचा एक काटकपणा आहे, त्याच्याकडे आपले लक्ष कमी गेले आहे. पोराइट्स, तुर्बिनारिया, गोनिअस्ट्रिया, फेवाइट्स यांच्या वसाहती सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास दरवर्षी चिखल आणि गोडे पाणी सोसून उभ्या राहतात. अकाबाचा स्टायलोफोरा हे करू शकणार नाही. याच वसाहती उष्णतेने मात्र पांढऱ्या पडतात. २०१५-१६ च्या सुमारास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मालवणला विरंजन नोंदवले आहे, आणि हौशी डायव्हिंगमुळे वसाहती मोडत असल्याचेही त्यांनी पुढे दाखवले. तेव्हा अकाबाकडून तुकडे नको, पण रीत घ्यावी. विद्यार्थिनीने आपल्या प्राध्यापकांमार्फत वन विभागाची परवानगी घेऊन तीस-चाळीस वसाहती क्रमांक देऊन निश्चित कराव्यात, दर महिन्याला त्याच कोनातून, रंगपट्टी शेजारी धरून त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि तापमान नोंदवणारे एक छोटे यंत्र भित्तीवरच बसवावे, कारण उपग्रह फक्त पाण्याचा वरचा पापुद्रा मोजतो आणि उथळ खडपांतले पाणी त्यापेक्षा बरेच वेगळे असू शकते. पावसाळ्यात पाण्यात उतरता येणार नाही, त्यामुळे यंत्राची बॅटरी आणि बांधणी जून ते सप्टेंबर टिकेल अशी मे महिन्यातच तपासून घ्यावी. एकाच खडपावर शेजारी शेजारी असलेल्या, एकाच जातीच्या दोन वसाहतींपैकी एक एप्रिल-मेमध्ये फिकी पडते आणि दुसरी रंग धरून राहते, असे कित्येकदा दिसते. ती दुसरी वसाहत कोणती, पुढच्या उन्हाळ्यातही तीच टिकते का, आणि तिच्यावर बोटींचे नांगर पडतात का, एवढी नोंद दोन उन्हाळे नीट ठेवली तरी अभयारण्यात नांगरण्याचे बोये कोठे बसवायचे हे वन विभागाला आणि डायव्हिंग चालवणाऱ्या स्थानिक मंडळींना नकाशावर बोट ठेवून सांगता येईल.